माग जड का झाला

मावशीच्या घरात एकाही डब्यावरचं नाव खरं नसायचं. ‘चहा’ लिहिलेल्या डब्यात मोहरी, ‘साखर’ लिहिलेल्यात खोबऱ्याच्या वाट्या, आणि वरातीचं चित्र असलेल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सुया, दोरे, मोडकी बटणं. उमरेडहून शिकायला म्हणून मी नागपूरला तिच्याकडे आले आणि तिसऱ्याच दिवशी उकळत्या पाण्यात दोन चमचे मोहरी टाकून मोकळी झाले. मावसाजी एसटीचे ड्रायव्हर, पहिल्या बसच्या ड्युटीवर निघाले होते. त्यांनी एक घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि कप मुकाट्याने ओट्यावर ठेवला. मावशीने मात्र सोडलं नाही. ‘नाव वाचून काय होते वं वंदे? उघडून पाहाव नं आधी,’ ती म्हणाली. हे वाक्य मी इतकं मनावर घेतलं की पुढे त्याच्यावर पोट भरलं. आणि त्याच वाक्याने एकदा माझ्या बापाचा हातमाग मोडायची वेळ आणली, तेही सांगितलं पाहिजे.

मावशी राहायची ते नागपूरच्या कडेचं बेसा तेव्हा आजच्यासारखं नव्हतं. आता तिथे रस्ता ओलांडायला पाच मिनिटं थांबावं लागतं. तेव्हा प्लॉट पाडलेले, मध्ये मध्ये तुरीची शेतं, आणि एखाद-दुसरं घर रंगाची वाट पाहत उभं. मावशीच्या घराच्या पुढच्या खोलीत मिरची कांडपाची मशीन होती. भिवापूरकडची मिरची पोत्याने यायची आणि सकाळी नऊला धप धप सुरू झालं की संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत आख्खं घर शिंकत राहायचं. पाहुणा आला की आधी शिंकायचा आणि मग नमस्कार करायचा. मागच्या खोलीत माझा कॉम्प्युटर, सुटे भाग जोडून केलेला. त्याच्यावर मावशीचं जुनं लुगडं चारपदरी पांघरलेलं असायचं, तरी आतल्या पंख्यावर तिखटाचा थर बसायचाच. दर रविवारी मी तो उघडून ब्रशने झाडायची आणि डोळे पुसत बसायची. कांडप सुरू असताना व्होल्टेज पडायचं, त्यात दुपारी भारनियमन. म्हणजे माझ्या वाट्याला सकाळचे सहा ते नऊ. त्या तीन तासांत टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट लावलं की फोन एंगेज, आणि मग मावशीचं गिऱ्हाईक दारात येऊन म्हणायचं, ‘तुमचा फोन काहून लागत नाही हो बाई?’ मावशी मला पाठीशी घालायची. ‘पोरगी अभ्यास करून राहिली,’ असं म्हणायची. तो अभ्यास काय होता ते तिलाही ठाऊक नव्हतं आणि कॉलेजातल्या सरांनाही नाही.

मी लोकांचे प्रोग्राम वाचायची. ज्यांनी आपला प्रोग्राम लिहून सगळ्या जगासाठी उघडा ठेवला आहे, या, वाचा, बदला, घेऊन जा, अशांचे. एवढं फुकट आणि एवढं उघडं असलेलं मी आयुष्यात काही पाहिलं नव्हतं. त्यातच एक साइट मिळाली, तिच्यात एक शब्द टाकला की हजारो प्रोग्रामांच्या आतून तो शब्द असलेल्या ओळी शोधून ती समोर आणून ठेवायची. मग काय, मला चटकच लागली. ‘पाऊस’ला इंग्रजीत जो शब्द आहे तो टाकून पाहा, ‘सासू’चा टाकून पाहा. प्रोग्राम लिहिणारे लोक ओळींच्या मध्ये आपल्यापुरती टिपणं लिहून ठेवतात, यंत्र ती वाचत नाही. एकाने लिहिलं होतं, ‘हे का चालतं मला माहीत नाही, कृपया हात लावू नका.’ दुसऱ्याने त्याच्याखाली, ‘मी हात लावला. माफ करा.’ कुठल्या देशातली ही माणसं, मला काय ठाऊक. पण शेजारणीच्या स्वयंपाकघरात शिरून डबे उघडून पाहावेत तसा मला आनंद व्हायचा, आणि त्यात चोरीही नव्हती.

आता बाबांकडे येते. माझे बाबा उमरेडला विणकर. आमच्या घरात खड्ड्याचा माग होता, म्हणजे विणणारा खड्ड्याच्या काठावर बसतो आणि पाय खाली सोडून पावडी दाबतो. त्या मागाचा आवाज, खट-खडाक, खट-खडाक, हा आमच्या घरचा श्वासच म्हणा. शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशीच कळायचं की बाबा घरी आहेत आणि रागात आहेत की नाहीत. आमच्या घरचा एक काठ होता, मोहफुलाचा. बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मोठेबाबा, यांनी तो चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन भरून काढला होता. त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, त्यांना पत्ते म्हणतात. पत्त्यांची माळ मागाच्या डोक्यावरच्या जॅकार्ड नावाच्या यंत्रातून फिरते, आणि जिथे भोक असेल तिथला दोरा पावडी दाबली की वर उचलला जातो. दोनशे चाळीस पत्त्यांची माळ एकदा फिरली की एक मोहफूल पुरं.

मोठेबाबा वारले. त्यांच्यानंतरच्या पावसाळ्यात पेटीतले पत्ते आणि चौकटीचे कागद, दोन्ही उंदरांनी खाल्ले. आमच्या घरात त्या काठाचं एकही लुगडं नव्हतं, कारण विणलेलं सगळं बाहेर जायचं आणि आई सुती नेसायची. उरली होती ती एक फ्लॉपी. कधीकाळी कुठल्याशा शिबिरात मोठेबाबांनी तो काठ कॉम्प्युटरवर चढवला होता आणि ती काळी चौकोनी चकती देवघरात, कुंकवाच्या करंड्यामागे ठेवली होती. आई तिलाही हळदकुंकू लावायची. बाबा दोन वर्षं साधे काठ विणत राहिले, मन लागेना. त्यात गुडघे दुखायला लागले. कोळशाच्या खाणीकडे एका ठेकेदाराला गेटवर चौकीदार पाहिजे होता. आषाढात मी घरी गेले तेव्हा गोळाभात होता. बाबांनी गोळा फोडला, त्यावर फोडणीचं तेल घेतलं, आणि भाताकडे पाहतच म्हणाले, ‘या दसऱ्याले मागाची पूजा करतो. अन् दुसऱ्या दिवशी सुताराले सांगतो, खोलून घेऊन जा.’

आई वाढता वाढता थांबली. मी म्हटलं, ‘बाबा, फ्लॉपी आहे नं. मी काठ काढून देते.’

‘तुले जमते?’

‘पाहून राहिली मी.’ खरं तर तोवर काहीही पाहत नव्हते.

बाबांनी भात कालवला. मग म्हणाले, ‘मोहफूल आलं तं एक डाव बसून पाहीन. पायानं साथ दिली तं माग राहीन. नाही तं नाही. मंग मले कोणी काही बोलायचं नाही.’ एवढाच करार. मी फ्लॉपी रुमालात बांधली आणि मावसाजींच्या बसने नागपूरला परत आले.

फ्लॉपी वाचली गेली, हेच मोठं नवल. तिच्यावर एकच फाइल होती आणि ती ज्या प्रोग्रामने बनवली तो प्रोग्राम विकणारी कंपनी कधीच बंद पडली होती. कशातही उघडली तरी पडद्यावर नुसता किडामुंगीचा बाजार. पण कुठल्याही फाइलच्या अगदी सुरुवातीला दोन-चार अक्षरं असतात, तिची जात सांगणारी. आमच्या फाइलची चार अक्षरं मी कागदावर उतरवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्या शोधाच्या खिडकीत टाकली.

श्रावण आणि अर्धा भादवा मी त्या चार अक्षरांच्या मागे हिंडले. ती अक्षरं एका खेळाच्या प्रोग्राममध्ये निघाली, तिथे ती राक्षसाचं नाव होती. एका गाण्याच्या प्रोग्राममध्ये निघाली, तिथे योगायोग होता. एक सकाळ तर मी हातमोजे विणण्याच्या मशीनचा सगळा प्रोग्राम वाचण्यात घालवली, कामाचा नसूनही, कारण तो लिहिणारी बाई फार गोड टिपणं लिहायची. मावशी पोहे घेऊन यायची, वर सांबार टाकलेला, म्हणजे कोथिंबीर, आमच्याकडे तिला सांबारच म्हणतात. ‘सापडलं का वं?’ ‘नाही, पण दुसरंच काहीतरी भल्लं मजेदार सापडलं.’ ‘दुसरंच सापडून काय कामाचं?’ तिचं बरोबर होतं, पण खरं सांगू, मला ते दुसरंच जास्त आवडायचं. अजून आवडतं. आज नागपूरच्या मिहानमधल्या माझ्या ऑफिसात यंत्राला सरळ माणसासारखं विचारता येतं आणि ते उत्तर हातात ठेवतं. मीही विचारते, सोवळं पाळत नाही. पण वाटेत काही दिसत नाही, याची हळहळ वाटते.

सापडलं ते भरतकामाच्या मशीनच्या प्रोग्राममध्ये. तिथे आमची चार अक्षरं होती आणि शेजारी टिपण होतं की ही रीत मुळात मागाच्या एका जुन्या प्रोग्रामची, आम्ही ती अमुक प्रोजेक्टातून उचलली. त्या अमुक प्रोजेक्टात गेले तर तो मागाचाच प्रोग्राम, कुणीतरी हौसेने लिहून उघडा ठेवलेला. मी तो आख्खा उतरवून घेतला. त्याच्यासोबत माहितीच्या कागदांचा एक वेगळा फोल्डर होता. तो मी उघडलाही नाही. नाव वाचून काय होते, उघडून पाहाव. कागद म्हणजे डब्यावरचं नाव, त्यावर लोक काहीही लिहितात, प्रोग्राम खोटं बोलत नाही, अशी माझी तेव्हाची अक्कल. शोधतानासुद्धा मी यंत्राला बजावून ठेवायची, फक्त प्रोग्रामच्या फायली पाहा, कागदांत शिरू नको.

प्रोग्राम चालवला आणि पडद्यावर मोहफूल आलं. कांडप सुरू व्हायला दहा मिनिटं होती. मी मावशीला हाक मारली, ती तिखटाच्या हातांनी तशीच आली आणि आम्ही दोघी त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनांकडे पाहत राहिलो. मावशीला तो काठ आईच्या लग्नापासून माहीत. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, ‘मोठे भाऊजीच आले म्हण की वं.’ मीही रडले, तिखटाचं निमित्त करून.

पण चित्र मला खटकत होतं. फुलं पांढरी आणि भोवतीची जमीन काळी. काठावर तर फुलं रंगीत, भरलेली, आणि जमीन मोकळी. मला वाटलं, प्रोग्राम लिहिणाऱ्याने काळ्याचं पांढरं केलंय. दुसऱ्याची चूक सापडली की मला आजही गुदगुल्या होतात. मी ती ओळ शोधली आणि उलटी केली, एका चिन्हाचं काम. फुलं काळीभोर झाली, जमीन पांढरी. छाती दोन इंच फुगली. त्याचा छापील कागद घेऊन मी पाचपावलीला, नागपुरातल्या विणकरांच्या वस्तीत, बब्बूभाईंकडे गेले. ते पत्त्यांना भोकं पाडून देत, माळ ओवून देत. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. पांढऱ्या चौकोनाला भोक पाडायचं, हा त्यांच्या धंद्यातला नेम, तो मला ठाऊक नव्हता.

‘बिटिया, इसमें तो छेदही छेद हैं. पिताजी को दिखाया?’

‘दाखवलं चाचा,’ मी म्हटलं. का म्हटलं, देव जाणे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षातली पोरगी, तिने पाचपावलीच्या गल्लीत ‘मला कळत नाही’ कसं म्हणायचं.

दसऱ्याला आठ दिवस होते. मी माळ घेऊन उमरेडला गेले तेव्हा बाबा त्या ठेकेदाराकडे गेले होते. ते यायच्या आत आईने आणि मी शेजारच्या पोराला वर चढवून पत्ते जॅकार्डवर टांगले. बाबा आले, त्यांनी वर पाहिलं, आणि हातपाय धुऊन खड्ड्यात पाय सोडले. आईने उगाचच दिवा लावला. खट-खडाक. खट... खडाक. आवाज मला ओळखू येईना. बाबांनी ओठ आवळले होते आणि पावडीवर आख्खं अंग टाकत होते. पंधरा-वीस धागे टाकले असतील, बोटभरही विणकाम नाही, त्यात फूल काय दिसणार. त्यांनी आडवा दोरा नेणारा धोटा बाजूला ठेवला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले.

‘काय झालं बाबा?’

‘जड आहे.’

‘माग?’

‘माग तोच आहे. पाय गेले वंदे,’ ते म्हणाले. ‘दोन वर्षांत गेले. मले समजलंच नाही.’ आवाजात राग नव्हता, तोच असता तर बरं झालं असतं. आईने त्यांना हात देऊन वर काढलं. वर येताना त्यांनी कधी कुणाचा हात धरलेला मी पाहिला नव्हता. संध्याकाळी ते स्वतः सुताराकडे जाऊन आले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचं ठरलं.

परतीच्या बसमध्ये मी मावसाजींच्या मागच्या सीटवर तोंड फिरवून बसले होते. घरी मावशीने पाटवडीचा रस्सा केला होता, तो ताटात तसाच राहिला. सगळं सांगून झाल्यावर मावशी म्हणाली, ‘पाय एकदम कसे जातील वं? पोळ्याच्या दिवशी तं हा माणूस बैलामागं धावत होता.’ ती सहज म्हणाली आणि उठून गेली. पण ते माझ्या डोक्यात रुतलं. सकाळी सहाला मी कॉम्प्युटरवरचं लुगडं काढलं. आता काय शोधायचं हेच कळत नव्हतं. प्रोग्राम तर बरोबर होता, माझ्या मते. मग मी बाबांचाच शब्द घेतला. ‘जड.’ त्याला इंग्रजीत जो शब्द आहे तो टाकला आणि उतरवून घेतलेल्या त्या प्रोजेक्टात शोध म्हटलं. काही नाही. तेव्हा पहिल्यांदा, दुसरं काही सुचेना म्हणून, मी ती जुनी ताकीद काढून टाकली. कागदांतही पाहा म्हटलं.

एकच ओळ आली. मी न उघडलेल्या फोल्डरातल्या शेवटच्या कागदाच्या शेवटच्या परिच्छेदातून. तो कागद मी उभी राहून वाचला. कुणा म्हाताऱ्या विणकराने लिहिलेला असावा, इतकं सरळ होतं. लिहिलं होतं की कापड मागावर पालथं विणतात, सुलट बाजू खाली असते. पांढरा चौकोन म्हणजे भोक, भोक म्हणजे वर उचललेला दोरा. फुलाचे तेवढे थोडे दोरे उचलले जावेत म्हणून फूल पांढरं असतं. ते उलटं केलं तर फुलाऐवजी सगळी जमीन उचलावी लागते आणि माग जड होतो. आणि शेवटी: चित्र उलटं वाटत असेल तर तुम्ही कधी मागावर बसलेले नाही, दुरुस्त करू नका.

मी विणकराची पोरगी. जन्मापासून बाबा मागाखाली दाढीचा आरसा धरून पाहताना दिसायचे. ते सुलट बाजू पाहत आहेत, हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. मला वाटायचं मागाखाली काही पडलंय. मला इतकी लाज आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटली नाही. आणि लाजेच्या मागोमाग जीव भांड्यात पडला. बाबांचे पाय गेले नव्हते. त्यांच्या पायांवर जमीन मी लादली होती.

मावशीला सांगितलं तेव्हा ती चाळणी घेऊन बसली होती. ‘काखेत कळसा अन् गावाले वळसा,’ ती म्हणाली. ‘सारी दुनिया शोधली, बापाले नाही विचारलं.’

‘तूच म्हटलं होतं, उघडून पाहाव.’

‘उघडून पाह्य म्हटलं होतं. विचारू नको थोडीच म्हटलं होतं?’ तिने चाळणी ठेवली. ‘जाय, आधी त्या भाईकडे जाय.’

ओळ होती तशी करून छापलेला नवा कागद मी बब्बूभाईंपुढे ठेवला. त्यांनी नवा कागद पाहिला, जुना पाहिला, आणि म्हणाले, ‘बैठो. पुठ्ठा तुम काटोगी.’ दोनशे चाळीस पत्ते परत पाडायचे होते आणि त्यांच्याकडे इतरांचीही कामं होती. पाच दिवस कॉलेज बुडवून मी त्यांच्याकडे पुठ्ठा कापला, माळ ओवली. बोटांना दोरा कापायचा. घरी तिखटाच्या घरात ती बोटं घेऊन जायची, ती वेगळी शिक्षा. बाबांना निरोप धाडायला मला धीर झाला नाही. शेजाऱ्यांच्या फोनवर काय सांगणार, की पाय ठीक आहेत, पोरगी मूर्ख आहे?

दसऱ्याला सकाळी मावसाजींच्या बसने निघाले, माळ मिरचीच्या रिकाम्या पोत्यात. पोहोचले तेव्हा मागाची पूजा झाली होती. धोट्यांना हळदकुंकू, मागाच्या खांबांना झेंडूची माळ, आणि बाबा नवं धोतर नेसून अंगणात बसलेले. दसऱ्याला माग चालवत नाहीत, हत्यारं विसाव्याला असतात. हे मला बसमध्ये आठवलं होतं. मी पोतं त्यांच्यासमोर ठेवलं आणि उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं, उलटी केलेली ओळ, बब्बूभाईंना मारलेली थाप, न उघडलेला कागद. बाबांनी ऐकून घेतलं. मग माळ पोत्यातून काढली, चारदोन पत्ते उन्हाकडे धरून भोकांतून पाहिलं आणि शिंकले.

‘आधीचे पत्ते टांगताना मले दाखवले काहून नाही?’

‘तुम्ही खुश व्हाल म्हणून.’

‘अन् मी खालून पाहिलं काहून नाही?’ हे ते स्वतःलाच म्हणाले. ‘पायालेच दोष दिला.’

ते उठले. आई म्हणाली, ‘अहो, आज दसरा. आज मागाले हात लावत नाहीत.’ बाबा मागासमोर हात जोडून थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, ‘उद्या सुतार येईन. आज नाही बसलो तं मंग कधी बसू?’ जुनी माळ त्यांनी स्वतः उतरवली, नवी चढवली, एकेक दोरी ताणून पाहिली. त्यांना घाई नव्हती. मग त्यांनी खड्ड्यात पाय सोडले आणि पावडी दाबली.

खट-खडाक.

मी गल्लीच्या तोंडाशी उभी असते तरी ओळखला असता. खट-खडाक, खट-खडाक. बाबा थांबेनात. दोनशे चाळीस पत्ते फिरले तेव्हा आईने आणलेला चहा गार झाला होता. मग त्यांनी खांबाला खोचलेला दाढीचा आरसा काढला, वाकून मागाखाली धरला, आणि बराच वेळ तसेच राहिले. ‘दादा,’ ते म्हणाले, इतकंच, आणि आरसा माझ्या हातात दिला. मी खड्ड्यात उतरून आयुष्यात पहिल्यांदा त्या आरशात पाहिलं. पालथ्या कापडाखाली मोहफूल होतं. दुसऱ्या दिवशी सुतार आला. आईने त्याला सोनं दिलं, शंकरपाळे दिले आणि परत पाठवलं.

माग त्यानंतर बारा वर्षं चालला.

मी त्या प्रोजेक्टाच्या माणसाला पत्र लिहिलं, आपली चूक जशीच्या तशी. त्याचं उत्तर आलं की ही चूक करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही, त्या कागदात आणखी एक ओळ घालावी म्हणतो, तुमचे वडील काय सांगतील? मी पुढच्या खेपेला बाबांना विचारलं. यावेळी विचारलं, हं. ते दोन दिवस विणत राहिले. निघताना बसपाशी आले आणि म्हणाले, ‘लिही. जड वाटलं तं पायाले दोष देऊ नका, आधी पत्ते पाहा.’ मी ते इंग्रजीत केलं आणि पाठवलं. ती ओळ आजही त्या कागदात आहे. भरतकामाच्या प्रोग्रामवाल्यांनी ती उचलली, हातमोज्यांच्या प्रोग्रामवाल्यांनी उचलली, कुणीकुणी आपापल्या भाषांत नेली. बाबांचं नाव कुठेही नाही. कधीमधी ऑफिसात कामाच्या मधेच मी ती ओळ शोधाच्या खिडकीत टाकते, आणि आणखी कुठे ती गेलीय ते पाहते. बाजूला बसणाऱ्यांना वाटतं मी काम करून राहिली.

बाबांच्या शेवटच्या वर्षी त्यांचे पाय खरंच गेले. तेव्हा ते माझ्याकडे बेसाला होते, मावशीच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. मी रोज संध्याकाळी त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळायची. एकदा पाय उचलून देत होते तर ते म्हणाले, ‘जड आहे नं वंदे?’

‘थोडे आहेत.’

‘पत्ते पाह्य बरं एकदा. तू उलटे तं नाही लावले?’

मी उठले, कपाटातून त्यांचा दाढीचा आरसा आणला आणि खाटेखाली धरून, वाकून, नीट पाहिलं.

‘नाही बाबा,’ मी म्हटलं. ‘या वेळेस बरोबर आहेत.’

‘मंग ठीक आहे,’ ते म्हणाले आणि पाय माझ्या मांडीवर सोडून दिले.